खाडीपलीकडचा मास्टर चंदन

रसिका सामंत सात वर्षांची असताना मुलगा होती, हे तिच्या पूनम सागर सोसायटीत कुणाला पटत नसे. वडिलांनी, शशिकांतरावांनी, तिचा बॉयकट करून हिरोच्या लहानपणाचं काम मिळवून दिलं आणि पडद्यावर नाव झळकलं ‘मास्टर चंदन’. निर्मात्याचं म्हणणं, पोरी ऐकतात, पोरगे सेट डोक्यावर घेतात. तिने आणखी तीन हिरोंची बालपणं उरकली, मग वयात आली आणि धंदाच बसला. पुढे बँकेतली नोकरी, लग्न, मीरा रोडचा फ्लॅट.

लोकांना एकच सीन आठवायचा. आजारी आईसाठी औषधाची बाटली दातांत धरून खाडी पोहून जाणारा मुलगा. थिएटरं रडली होती. रसिकालाही ते खारं पाणी आठवायचं, नाकातोंडात शिरलेलं. आता मात्र तिला पोहता येत नव्हतं. “सुटलं गं,” ती म्हणायची, आणि तिची मुलगी नीलम हसायची, “आई, पोहणं कोण विसरतं?”

२००५ साली एका चॅनेलने जुने बालकलाकार शोधायला घेतले आणि रसिकाला फोन आला, तेव्हा कुठे नीलमचं हसणं थांबलं. आठवडाभर रसिकाचे पाय जमिनीवर नव्हते. मग चॅनेलचा स्वप्नील डोकं खाजवत घरी आला.

“मॅडम, लोचा झालाय. मास्टर चंदन आम्हाला ऑलरेडी मिळालाय. तो खाडीचा सीन जिथे शूट झाला, त्या राई गावात. भूपेश पाटील. अख्खं गाव साक्ष देतंय. आणि मास्टर म्हणजे जेंट्सच ना?”

रसिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर तो चोर, वर शिरजोर! जुना फोटो पर्समध्ये टाकून ती स्वप्नीलला घेऊन थेट राईला गेली.

भूपेश ओटीवर बसला होता, सुटलेल्या पोटाचा, पिकल्या मिशांचा. रसिका तोंड उघडणार तोच त्याची आई जिजाबाई फोटो बघून ओरडली, “अगो, ही तर ती रडकी पोर! पान्याला भ्यायची. मंग तिचा सदरा माज्या भूपेशला घातला न् त्याला सोडला खाडीत.”

“पण खारं पाणी माझ्या नाकात गेलं होतं! मला आठवतंय!”

“बादलीतला, बाय. मीच वतला तुज्या डोसक्यावर. खाडीचाच व्हता.”

रसिका पायरीवर बसली. तेहतीस वर्षं जे पाणी ती आपलं म्हणून सांगत आली, ते एक बादलीभर निघालं होतं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त, काही समजेनासं झालं. चोर पकडायला आली होती, आता दोघांतला चोर कोण तेच कळेना.

“मी खोटं न्हाय बोललो, ताई,” भूपेश म्हणाला. “पन मलाबी कळत न्हाय. बापानं ठाण्याला नेऊन शिनेमा दाखवला. उडी मारली ती मीच. हात माजे, पाठ माजी. खुर्चीवर उभा राहून वरडलो, ह्यो मी! न् पान्यातून डोका वर आला, तो तुजा. पान्यात गेलो मी, भायेर आलीस तू. मंग मी कुठं गेलो?”

स्वप्नील घड्याळ बघू लागला. “मॅडम, एपिसोडला खुर्ची एकच आहे. फायनल कोण?”

तेवढ्यात रसिकाचा मोबाईल वाजला. नीलम होती.

“आई, कॉलेजात सगळ्यांना सांगून टाकलं मी! खाडी पोहून गेलेली ती माझी आई!”

या वाक्यासाठी रसिका इतकी वर्षं झुरली होती. “हो गं,” ती म्हणाली, आणि तिची नजर भूपेशकडे गेली. “नाही, थांब. खाडी पोहून गेला तो इथे बसलाय. त्याच्याकडे देते.”

भूपेशने दोन्ही हातांनी फोन घेतला आणि कानाला लावला.

“हॅलो,” तो म्हणाला, “मी...” आणि पुढे कुठलं नाव सांगावं ते न सुचून रसिकाकडे बघत राहिला.