राजकन्येच्या पुस्तकाचा शेवट

मालिनी वेल्ह्याहून बैलगाडीत अंग खिळखिळं करून घेत भोरला माहेरी आली ती एकाच कामासाठी. लहानपणीचं राजकन्येचं पुस्तक तिला न्यायचं होतं. नानांना, तिच्या वडिलांना, जाऊन वर्ष झालं होतं. भांडीकुंडी, दागिने दीनानाथदादाला लखलाभ! पण नाना मांडीवर बसवून वाचून दाखवायचे ते पुस्तक तिचं, फक्त तिचं होतं. स्वतःला वाचता यायला लागलं तरी शेवट नानांच्याच तोंडून ऐकायचा तिचा हट्ट असे.

दारातच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ओटीवर दुपारच्या पाच-सहा बायका जमलेल्या, आणि मधोमध भावजय सुलू तेच पुस्तक वाचत बसलेली. ऐट तरी बघा! लग्न होऊन आली तेव्हा या बाईला सही येत नव्हती. नानांनीच शिकवलं म्हणे, तेही याच पुस्तकावरून.

"वैनी, फुडं काय झालं वं?" दूध घालायला आलेली सगुणाबाई रिकामी चरवी घेऊन तिथंच रमली होती.

"पुढं राजकन्या सासरी गेली, आणि राजा रोज संध्याकाळी वेशीपाशी जाऊन तिची वाट बघत उभा राहायचा."

"साफ खोटं!" मालिनी धुळीच्या पायांनीच ओटीवर चढली. "राजकन्या सासरी सुखात रमते आणि गोष्ट संपते. मला तोंडपाठ आहे." तिने पुस्तक हिसकावलं आणि सगळ्यांना दाखवायला शेवट उघडला.

शेवट नव्हताच. दर दसऱ्याला सरस्वतीपूजेत हेच पुस्तक पाटावर सगळ्यांत खाली ठेवायची घरची रीत. हळदीकुंकवाच्या पाण्याने तळची चार पानं कुजून गेली होती.

"वन्सं, ती पानं तुमच्या जन्माआधीच गेली," सुलू हळूच म्हणाली. "मामंजी मनानेच सांगायचे. तुम्हाला तुमचा शेवट सांगितला. तुम्ही सासरी गेल्यावर मला हा."

मालिनी लग्नानंतरच्या सहा वर्षांत दोनदाच माहेरी आली होती. वेशीपाशी कोण उभं असायचं ते तिला कळलं, आणि तरी आधी जळफळाटच झाला. हे बोलायचं तर नानांनी तिच्याशी बोलायचं! परक्याच्या पोरीला कशाला सांगितलं?

"तुम्ही न्या पुस्तक," सुलू म्हणाली.

नेऊन काय करायचं होतं? हवं होतं ते सुलूजवळ होतं. मालिनी तिथंच बायकांत बसली आणि पुस्तक सुलूच्या मांडीवर टाकून फणकाऱ्याने म्हणाली, "पुन्हा सांग. नाना सांगायचे अगदी तस्सं. एक शब्द गाळलास तर बघ!"