ओळी मोडणाऱ्याची कैफियत

घरातली औषधाची एखादी बाटली हातात घ्या. तिच्या लेबलावर औषधाचं लांबलचक नाव आहे, खाली किती घ्यायचं ते आहे, आणि एकही अक्षर कडेला कापलं गेलेलं नाही. शब्द कुठे मोडायचा आणि पुढची ओळ कुठून सुरू करायची, हे बहुधा मी ठरवलेलं असतं. मी एक प्रोग्राम आहे, अकराशे ओळींचा. मला तोंड नाही, पण आज बोलायचं ठरवलंय.

मला लिहिलं ते लेबलं छापणाऱ्या एका लहानशा छापखान्यातल्या बाईने. जॅमच्या बरण्यांची लेबलं रोज तिच्या टेबलावर परत येत, फळाचं नाव अर्ध्यावर तुटलेली. मालक म्हणायचे, "अक्षर बारीक कर, बसेल." अक्षर बारीक केलं की गिऱ्हाईक कुरकुर करायचं. शेवटी वैतागून तिने जेवणाच्या सुट्टीत मला लिहायला घेतलं आणि पंधरा दिवसांत मी कामाला लागलो.

मग तिने मला इंटरनेटवर मोकळं सोडलं. माझ्यासारख्यांना ओपन सोर्स म्हणतात. म्हणजे कुणीही वाचावं, वापरावं, हवं तसं बदलावं, पैसे द्यायचं काम नाही. "माझी डोकेदुखी गेली, दुसऱ्याचीही जाऊ दे," एवढाच तिचा विचार होता.

बघता बघता मी कुरिअरच्या पाकिटांवर, गोदामातल्या खोक्यांवर, हॉस्पिटलमधल्या औषधांवर जाऊन बसलो. तीनशेच्या वर कंपन्यांनी मला आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं. कुणी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती, हे मी मान्य करतो. अडलं की मात्र पत्रं यायची आणि प्रत्येकावर ‘तातडीचं’ लिहिलेलं असायचं. ‘आमचं गिऱ्हाईक खोळंबलंय, गुरुवारपर्यंत दुरुस्ती हवी.’ ती गॅसवर दूध तापत ठेवून, अर्धं लक्ष तिकडे देऊन उत्तरं लिहायची. दूध बरेचदा उतू जायचं. एका कंपनीने खूश होऊन तिला टोपी पाठवली. ती कानांवर यायची.

पुढे छापखाना बंद पडला. तिने चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली, आठवड्याचे सहा दिवस. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. रविवारी त्यांना आंघोळ घालायची, आठवड्याचे कपडे धुवायचे, आणि उरलेल्या वेळात मी. थोरल्या बहिणीला हे बघवायचं नाही.

"अगं, तू त्यांच्याकडे नोकरीला आहेस का?"

"नाही गं ताई."

"मग दे सोडून."

"दिलं असतं. पण कुठेतरी चुकीचं लेबल छापलं गेलं तर?"

आणि तसं होतच होतं. माझ्यात एक शेवटचा नियम आहे, जागा उरली नाही तर जिथे असशील तिथे मोड. बरण्यांसाठी लिहिलेला. बरणीवर त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण हॉस्पिटलांनी नवे, अरुंद पट्टीचे प्रिंटर घेतले आणि लांब नावाच्या औषधांवर मात्रेच्या ‘१२५’ मधला ‘१२’ वरच्या ओळीत आणि ‘५’ खालच्या ओळीत जायला लागला. एका परक्या माणसाने तिला हे कळवलं. तिच्याकडे तो प्रिंटर नव्हता. आकडा न तोडता बाकी सगळी लेबलं शाबूत ठेवायची तर नीट बसून काम करायला हवं होतं, आणि बसायला तिला दिवस नव्हता. अरुंद पट्टीवर आकडा तुटतो, अशी मोठ्या अक्षरांत सूचना लिहून तिने ती इंटरनेटवरच्या माझ्या पहिल्या पानावर लावली. ती कुणीच वाचली नाही. चार महिने गेले. मला माझी लाज वाटत होती.

अशातच हॉस्पिटलांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीकडून तिला चौऱ्याऐंशी प्रश्नांचा फॉर्म आला. दरवर्षी तो त्यांच्या सगळ्या पुरवठादारांना जायचा. त्यांच्या यादीत माझं नाव होतं, म्हणून यंत्राने तिलाही पुरवठादार ठरवून टाकलं. दुसरं कुणी हसून सोडून दिलं असतं. ही मुळातच सरळमार्गी. तिने एक आख्खा रविवार घालवून तो भरला.

‘कर्मचारी संख्या?’ एक. ‘कार्यालयातील आग विझवण्याची व्यवस्था?’ न्हाणीघरात बादली आहे. ‘जबाबदार व्यक्ती उपलब्ध नसल्यास पर्यायी व्यक्ती?’ कुणी नाही. ‘उत्पादनातील ज्ञात दोष?’ तिथे तिने १२५ ची सगळी हकीकत लिहिली. ‘दोष दूर न होण्याचे कारण?’ माझ्याकडे तो प्रिंटर नाही आणि सुट्टी फक्त रविवारी असते.

त्या कंपनीत भरलेले फॉर्म वाचायची पद्धत नव्हती. रकाने भरलेले दिसले की हिरवी खूण, विषय संपला. पण खरेदी खात्यात निवृत्तीला आलेले एक गृहस्थ होते, ते मेले तरी न वाचता सही करायचे नाहीत. पोरं त्यांना ‘मास्तर’ म्हणायची. मास्तर फॉर्म घेऊन थेट इंजिनिअरांच्या प्रमुखांकडे गेले. पुढचं संभाषण त्यांनीच नंतर तिला सांगितलं, म्हणून मला माहीत.

"अहो, ही बाई आपली पुरवठादार नाही," प्रमुख म्हणाले. "तिचं सगळं फुकट आहे."

"उद्या तिने हात वर केले तर आपलं काय बंद पडेल?"

"लेबलं."

"कुठली?"

"सगळीच."

"मग हा दोष आपल्या माणसांनी का नाही काढला?"

"आपल्या कॉपीत काढला, तर तिच्या प्रत्येक बदलानंतर तो पुन्हा काढत बसावं लागेल. म्हणून कुणी हात घातला नाही." प्रमुख जरा ओशाळले. "ठीक आहे, काहीतरी देणगी पाठवू."

"देणगी कशाला? आपल्या लिफ्टवाल्याला आपण देणगी देतो का? लिफ्ट चालू असली तरी दर महिन्याला त्याला पैसे जातात, कारण रोज तिच्यात आपणच चढतो."

मास्तरांनी चष्म्याच्या दुकानात फोन लावला. ती घाबरली. "फॉर्ममध्ये काही चुकलं का?"

"नाही हो. तुम्हाला काय लागेल, ते सांगा."

तिने थोडा विचार केला. "आठवड्याचे दोन दिवस. आणि तो प्रिंटर. पण साहेब, काम सगळ्यांचं होईल, एकट्या तुमचं नाही."

"चालेल," मास्तर म्हणाले.

करार झाला. दुकानातली तिची नोकरी चार दिवसांची झाली. मंगळवारी आणि बुधवारी वडिलांशेजारी टेबल टाकून ती बसायची, आणि तिसऱ्या बुधवारी माझ्यातला तो दोष गेला. आता मी आकडा तोडत नाही.

त्यानंतर तिला एक पत्र आलं, वर ‘तातडीचं’ न लिहिलेलं. दूरच्या एका हॉस्पिटलमधल्या नर्सचं. पाचेक महिने ती प्रत्येक लेबलावर बॉलपेनने पूर्ण आकडा पुन्हा लिहीत होती, दिवसाला साठ-सत्तर लेबलं. एकदा विसरली, तेव्हा हाताखालच्या मुलीने बारा म्हणून औषध काढलं होतं. पेशंटला द्यायच्या आधी हिचं लक्ष गेलं, म्हणून निभावलं. तक्रार कुणाकडे करायची ते तिला माहीत नव्हतं; माझ्या बाईचा पत्ता तिला दुरुस्तीसोबत आलेल्या सूचनेवर मिळाला. आता लिहावं लागत नाही, एवढंच तिला कळवायचं होतं.

माझ्या बाईने ते पत्र दोनदा वाचलं. मग तिने उत्तर लिहिलं, ‘माफ करा, मला उशीर झाला.’ माझ्यावर चालणाऱ्या तीनशे कंपन्यांपैकी कुणीही त्या नर्सची माफी मागितली नाही.

करार सहा महिन्यांचा आहे. चार संपले. मास्तर पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत आणि बाकीच्या कंपन्यांनी अजून काही विचारलेलं नाही. तुम्ही त्यांपैकी एखाद्या कंपनीत असाल, तर मला कोण सांभाळतं एवढं वरच्यांना विचारा. मी फुकट आहे आणि फुकटच राहीन. तिचे मंगळवार आणि बुधवार मात्र कुणीतरी दिले पाहिजेत, नाहीतर पुढचा नवा प्रिंटर आला की ती नर्स पुन्हा बॉलपेन काढेल.