एकाच मापाचं कफन

ब्राइंडल शुक्रवारी पहाटे गेली. हिवाळ्यातला शुक्रवार. आमच्या ब्रुकलिनच्या ज्यू वस्तीत त्या दिवसांत दुपारचं जेवण उरकतं न उरकतं तोच शब्बाथच्या, शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाच्या, मेणबत्त्या लावायची वेळ होते, आणि त्याआधी माती झाली नाही तर मेलेलं माणूस रविवारपर्यंत पडून राहतं. म्हणून दफनसंस्थेच्या तीन बायका सकाळीच अंत्यस्नानाच्या खोलीत हजर झाल्या: जिच्या शब्दावर संस्था चालते ती धर्मगुरूंची, रब्बींची बायको, रेबिट्झन चारना, तिची धाकटी सून गितल, आणि फ्रेडल.

फ्रेडल लठ्ठ होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण वस्तीत तिच्याबद्दल कोणीही बोलायला लागलं की सुरुवात तिथूनच व्हायची. "चेहरा कित्ती गोड आहे गं तिचा," म्हणायचे आणि पुढचं गिळायचे. शब्बाथच्या सकाळी सिनेगॉगमधल्या टेबलावर तिने बटाट्याच्या कुगलचा दुसरा तुकडा घेतला की चार जणी तो डोळ्यांनी तोलायच्या. आणि त्याच चार जणी दुसऱ्यांच्या काटकुळ्या पोरांमागे ताटली घेऊन धावायच्या, "खा रे, खा!"

आता ब्राइंडल. ती बायकांच्या शुद्धिस्नानाचं कुंड सांभाळायची. वस्तीतली प्रत्येक लग्न झालेली बाई महिन्यातून एकदा तिच्यासमोर उघडी उभी राहिली होती. पाठीला चिकटलेला केस काढायचा, बुडी पुरी झाली का बघायचं आणि "कोशेर!", म्हणजे शुद्ध झाली, म्हणून ओरडायचं, एवढंच तिचं काम. पोटावरच्या शिवणी, लोंबलेली कातडी, ऑपरेशनमध्ये गेलेला स्तन, एखादीच्या दंडावर नवऱ्याच्या बोटांचे वळ, तिने सगळं पाहिलं. बाहेर एक अक्षर फुटलं नाही. लग्नाआधी फ्रेडल पहिल्यांदा गेली तेव्हा टॉवेल सोडायलाच तयार नव्हती. ब्राइंडल तर तिच्याही दुप्पट. तिने दुसरा टॉवेल स्वतःच्या डोळ्यांपुढे पडद्यासारखा धरला आणि म्हणाली, "पोरी, पाणी छान गरम आहे. गार व्हायच्या आत उतर." बस.

ती ब्राइंडल आता फळीवर निजली होती. अंगावर चादर; धुवायचा तेवढाच भाग उघडायचा, लगेच झाकायचा. ह्या खोलीत फालतू शब्द काढायचा नाही हा नियम. पाणी ओतून झालं. अंग पुसायला तिला कुशीवर वळवायचं होतं.

"आपापल्या कंबरा सांभाळा गं," चारना म्हणाली. "हिला वळवायला क्रेनच मागवावी लागणार."

गितल फिस्सकन हसली.

फ्रेडलला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. हातातला पंचा तसाच राहिला. ह्या दोघींची अंगं पाहून जिने तोंड शिवून ठेवलं, तिच्या मेलेल्या अंगावर ह्या हसत होत्या! आणि फ्रेडल? फ्रेडलने तोंडातून ब्र काढला नाही. तिघींनी मिळून ब्राइंडलला वळवलं, पुसलं आणि कपडे घालायला घेतले.

पांढरा सदरा खांद्यांपाशीच अडकला. ओढला तरी पुढे सरकेना.

"दुसरा काढ कपाटातून," फ्रेडल गितलला म्हणाली.

"दुसरा काय आणि तिसरा काय," चारना म्हणाली. "सगळे एकाच मापाचे आहेत. मेल्यावर गरीब-श्रीमंत सारखे, म्हणून कफन सारखं. पाठीतून उभा काप आणि दोन्हीकडून खोच. शवपेटीत पाठ कोण बघतंय?"

"उघड्या पाठीनं पुरायचं तिला?"

"मग काय करू? खायची तेव्हा मापात राहायचं होतं."

फ्रेडलने कपाट उघडलं. सदऱ्यांची चळत. दर मंगळवारी चारनाच्या दिवाणखान्यात इतर बायकांबरोबर बसून तिनेच शिवलेले होते. कापायची चारना, स्वतःच्या अंगावर कापड धरून. आणि चारना म्हणजे खराट्याची काडी. फ्रेडलने एक सदरा स्वतःच्या छातीशी धरला. दोन्ही कडा काखेपर्यंतसुद्धा पोचल्या नाहीत. इतकी वर्षं ती कफन शिवत होती आणि त्यातल्या एकातही तिला जागा नव्हती.

दारावर थाप पडली. "रेबिट्झन, आटपा! गाडी उभी आहे!"

चारनाने कात्री उचलली. फ्रेडलने तिचं मनगट धरलं.

"हात सोड."

"कात्री ठेवा."

"डोकं फिरलंय का तुझं? शब्बाथ तोंडावर आलाय. तुझ्या हट्टापायी हिला रविवारपर्यंत ठेवू?"

"कात्री ठेवा, रेबिट्झन. नाहीतर हे दार उघडते आणि बाहेर तिचा मुलगा उभा आहे, त्याला सांगते तुम्ही आत्ता काय बोललात ते."

चारनाचा चेहरा सदऱ्याइतका पांढरा पडला. तिच्याशी असं कोणी कधी बोललं नव्हतं. कात्री फळीच्या कडेला ठेवली गेली.

कफनाच्या धाग्याला आम्ही गाठ मारत नाही. फ्रेडलने दोन सदरे घेतले आणि बाजूची शिवण नुसती ओढली; दोरा सळसळत निघून आला. दोन्ही कापडं कडेला कड लावून तिने अंथरली आणि लांब लांब टाके घालायला बसली. दुसरी सुई आपणहून उचलली ती गितलने. दारावरच्या थापा वाढत गेल्या. चारना भिंतीशी उभी राहून घड्याळ बघत होती.

सदरा चढला. मागून, पुढून, बाजूंनी, ब्राइंडल पूर्ण झाकली गेली.

शेवटी मेलेल्या माणसाची क्षमा मागायची असते. चारनाने सवयीने सुरू केलं, "ब्राइंडल, येहुदाची मुलगी, तुझा मान राखण्यात काही कमी पडलं असेल तर..."

"'असेल तर' काय?" फ्रेडल म्हणाली. "काय कमी पडलं ते सांगा तिला."

चारनाने ओठ आवळले. बोलली ती गितल, फळीकडे बघत. "मी हसले. बाळंतपणानंतर मी तुमच्यासमोर यायला लाजत होते, तुम्ही नजर वळवलीत. आणि मी हसले."

"आणि मी गप्प बसले," फ्रेडल म्हणाली.

चारनाने ठरलेले शब्द तेवढे पुटपुटून दार उघडलं. सूर्य बुडायच्या आत माती झाली.

मंगळवारी चारनाच्या दिवाणखान्यात नेहमीच्या बायका जमल्या. टेबलावर पांढरं कापड पसरलं होतं. हातात खडू घेऊन चारना ते स्वतःच्या अंगाशी धरायला उचलणार, तेवढ्यात फ्रेडलने बूट काढले, खुर्चीवर पाय दिला आणि टेबलावर चढून कापडावर उताणी पडली. टेबल करकरलं. एकीच्या हातातला चहाचा पेला फरशीवर फुटला. जिवंत बाई कफनाच्या कापडावर!

"अगं ऊठ! अपशकुन करतेस?" चारना किंचाळली.

"खडू घ्या," फ्रेडल छताकडे बघत म्हणाली. "माझ्याभोवती आखा. सैल आखा."

मग गितलने सासूच्या हातातून खडू काढून घेतला आणि फ्रेडलच्या खांद्यापासून रेघ ओढायला सुरुवात केली. फ्रेडलने सवयीने पोट आत ओढलं होतं. गितलची रेघ कमरेशी आली, तेव्हा तिने श्वास सोडून दिला.