सहाशे ग्रॅमचं अंतर

आमच्या बॉक्सिंग क्लबाला साठ वर्षं होत आली होती, म्हणून भिंतीवर दहा नावांची पाटी रंगवायचं ठरलं. साठ वर्षांतले सगळ्यात मोठे दहा बॉक्सर, तेही वजन बाजूला ठेवून. एक्कावन्न किलोचा आणि एक्याऐंशी किलोचा एकाच शिडीवर.

ही कल्पना भांडणातून निघाली. व्यायाम संपवून पोरं मोबाइलवर जगातल्या सर्वश्रेष्ठ बॉक्सरांची यादी बघत होती.

"हा एवढासा माणूस पहिला? अरे, सातव्या नंबरवाल्याने नुसती फुंकर मारली तरी उडून जाईल."

"फुंकर मारायला आधी तो समोर सापडायला तर हवा!"

"दोघांचं वजन सारखं धरायचं असतं, बावळटा."

"वजन सारखं धरलं तर मग बॉक्सिंग कशाला, पत्ते खेळा."

आमच्या कोचबाई ग्लोव्हज वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "जगाचं जग बघून घेईल. आधी आपल्या क्लबातले दहा काढा." मग माझ्याकडे वळल्या. "काका, तुम्ही सगळ्यांना पाहिलंय. यादी तुम्हीच करा. शनिवारी रंगारी येतोय."

मी बरं म्हटलं. चेहरा साधा ठेवला, पण आतून उकळ्या फुटत होत्या. चाळीस वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो ते काम आयतं माझ्या हातात आलं होतं. माझ्या साडूला माझ्या खाली बसवायचं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. क्लबात त्याला कपाट म्हणत, कारण दारातून आत आला की उजेड अडायचा. मला टाचणी म्हणत. तो एक्याऐंशीत खेळायचा, मी एक्कावन्नात. त्याने सात वर्षांत पाच सुवर्णपदकं आणली. मी एक आणलं. त्याचा फोटो क्लबाच्या दारात लागला. माझा फोटो निघाला तेव्हा मी डोळे मिटले होते. माझं लग्नसुद्धा त्याच्या शब्दावर जमलं. मुलीकडचे म्हणाले, "जावईबापू सांगतात तर मुलगा चांगलाच असणार." लग्नात सासरे त्याच्या खांद्यावर हात टाकून फिरत होते. नवरा कोण, असा प्रश्न पडावा.

तेव्हापासून पोटात जे दुखायला लागलं ते थांबलं नाही. बायको भाजी निवडता निवडता म्हणायची, "भाऊजींनी ताईला नवीन पंखा आणला," आणि माझा घास घशात अडकायचा. पंखा आमच्याकडेही होता.

पण माझ्याकडे एक हुकमी गोष्ट होती. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, माझ्या अंतिम सामन्याच्या चार दिवस आधी, तेव्हा क्लबात शिकवणाऱ्या मोठ्या मास्तरांनी सरावासाठी मला कपाटासमोर उभं केलं. तीन राउंड. तीस किलोंचा फरक. आणि मी त्याला नाचवला. माझा जॅब, डाव्या हाताचा सरळ ठोसा, त्याच्या तोंडावर टिचकीसारखा वाजत होता आणि त्याचे हात हवेत. पंधरा-वीस लोकांनी पाहिलं. चार दिवसांनी मी पदक आणलं. पुढे प्रत्येक बारशात, प्रत्येक जेवणात मी ते तीन राउंड काढायचो. "एका वजनात असतो तर कपाटाच्या फळ्या मोजून ठेवल्या असत्या," असं म्हणायचो. कपाट हसायचा आणि म्हणायचा, "खरं आहे बाबा, हा पकडीत यायचाच नाही." त्या हसण्याने मी आणखी पेटायचो.

यादीला बसलो, तेव्हा आधी नियम ठरवायला हवा होता. जिंकलेल्या लढती मोजाव्यात, तर कपाट पहिला. कमी वेळा खाली पडलेला वर, असं धरावं, तर कपाट कधी पडलाच नाही, मी दोनदा पडलो. दोन वजनांत जिंकलेला मोठा, हा नियम मला आवडला, कारण कपाट एकाच वजनात खेळला होता. पण मीही एकाच वजनात खेळलो होतो, आणि त्या नियमाने पोपट नावाचा एक माणूस पहिला येत होता. पोपट मला मेलो तरी चालला नसता.

शेवटी मला पाहिजे तो नियम सापडला. आपल्यापेक्षा जड माणसाला ज्याने हरवलं तो सगळ्यात मोठा. या नियमाने माझ्या वर कोणीच नव्हतं.

कोचबाईंना सांगितला. त्यांनी मान डोलावली. "चांगला आहे नियम. पण काका, स्वतःचं नाव स्वतः पहिलं लिहिणार, तर लोक बोलतील. काहीतरी पुरावा असू दे." मग त्यांनी टेबलाखालून एक वर्तमानपत्रात बांधलेला गठ्ठा काढला. "मोठ्या मास्तरांच्या मुलीने वह्या दिल्यात. रोजचा सराव लिहून ठेवायचे म्हणे. तुमचे तीन राउंड असतील यात."

त्या वह्या मी ओळखत होतो. मास्तर रिंगच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून त्यात लिहायचे आणि मी घाम पुसत समोर उभा असायचो. काय लिहिलंय ते मला कळायचं नाही. मला वाचता येत नव्हतं. साठी उलटल्यावर सूनबाईने अक्षरं शिकवली. तोवर मास्तर गेले होते.

दुपारी घरी ओट्यावर बसून मी वहीत ते वर्ष शोधलं, मग महिना, मग तारीख. ओळीखाली बोट धरून वाचायची सवय अजून गेली नाही, तसंच वाचलं.

"५१ वि. ८१, तीन राउंड. मोठ्याला सांगितले होते: फक्त डावा हात. पाऊल पुढे टाकायचे नाही. धाकट्याला हुरूप आला. सामन्यापूर्वी गरज होती. मोठ्याला बजावले, धाकट्याला कळू द्यायचे नाही."

मी पुन्हा वाचलं. अक्षर तरी चुकीचं लागत असेल म्हणून तिसऱ्यांदा वाचलं. अक्षर छापल्यासारखं स्वच्छ होतं.

बायकोने विचारलं, "काय झालं? चेहरा का असा उतरला?"

"काही नाही. उकडतंय."

"मग ओट्यावर कशाला बसलात? आत पंखा आहे."

पंख्याचं नाव ऐकून डोक्यात तिडीक गेली. ते पान फाडावं असं मनात आलं, खोटं कशाला सांगू. कागद जुना होता, आवाजसुद्धा झाला नसता. पण फाडून उपयोग काय? वहीतलं जाणणारा माणूस अजून जिवंत होता आणि दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. मी हरलो होतो याचं मला तेवढं वाटलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षं मी बढाया मारत होतो आणि तो समोर बसून हसत होता, हे मला खात होतं. गप्प बसण्यातही त्याने मला हरवलं होतं.

वही काखेत मारून तडक त्याच्या घरी गेलो. वर्षभरापूर्वी त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. बायको दर आठवड्याला जायची, मी एकदाच जाऊन आलो होतो. तेव्हा तो पांघरुणात होता. आता दोन स्वेटर घालून खिडकीशी बसला होता. चेहरा खूप उतरला होता.

"ये टाचणी," तो म्हणाला. "ऐकलं, यादी तू करतोयस. मला दहात घे बाबा, नाहीतर तुझी मेहुणी मला घरात घेणार नाही."

मी वही त्याच्या मांडीवर आपटली. "वाच."

त्याने चष्मा लावला, वाचलं, आणि चष्मा काढून पुसत बसला.

"सांगितलं का नाहीस?"

"मास्तरांनी सांगू नको म्हटलं होतं."

"मास्तरांना जाऊन वीस वर्षं झाली!"

"तेच तर. आता सांगू का म्हणून विचारणार कोणाला?"

माझ्या अंगाची लाही झाली. आतून ताई म्हणाल्या, "पाणी आणू का भाऊजी?" मी नको म्हणालो.

"मला उपकार नकोत तुझे," मी म्हटलं. "चल क्लबात. दोन्ही हातांनी खेळ. आजच निकाल लागू दे."

मला वाटलं तो हसेल किंवा टाळेल. पण त्याने काठी घेतली आणि चपला शोधायला लागला. "अहो, कुठे निघालात?" ताई दारात आल्या. तो म्हणाला, "पाय मोकळे करून येतो."

कोचबाईंनी आम्हा दोघांना वेड्यात काढलं. "तुमच्या दोघांच्या वयाची बेरीज किती होते माहीत आहे का?" खूप हुज्जत झाली. शेवटी दोन मिनिटं, सगळ्यात मोठे मऊ ग्लोव्हज आणि फक्त खांद्याला हात लावायचा, जोर नाही, एवढ्यावर त्या कबूल झाल्या.

आमच्या क्लबात मास्तरांच्या काळापासून एक शिस्त आहे. काट्यावर चढल्याशिवाय कोणी दोरांच्या आत पाय ठेवत नाही. कोचबाईसुद्धा चढतात. गेली चाळीस वर्षं तो दांडीचा काटा मी सांभाळतो. मी म्हटलं, "चढ."

त्याने स्वेटर काढले. एक, मग दुसरा. मग बनियन राहिलं.

सवयीने मी वजन ऐंशीच्या खाचेवर ठेवलं. दांडी हलली नाही. सत्तरवर आणलं. हलली नाही. साठवर आणलं, तरी ती तशीच खाली बसून राहिली. तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं. खांदे तेवढेच रुंद होते, पण वर काहीच नव्हतं, खुंटीला सदरा टांगावा तसं. दांडी तरंगली ती सत्तावन्न किलो सहाशेवर.

मग मी चढलो. मी अठ्ठावन्न दोनशे.

"अरे वा," कपाट म्हणाला, "जड तू आहेस."

आयुष्यभर मी म्हणत होतो, एका वजनात असतो तर. आता होतो, आणि मला पळून जावंसं वाटत होतं.

कोचबाईंनी घंटा वाजवली. मास्तरांचं वाक्य डोक्यात होतं. जड माणसाने डावाच वापरायचा, पाऊल पुढे टाकायचं नाही. मी उजवा हनुवटीशी ठेवला आणि जागेवर उभा राहिलो. कपाटाने माझ्या खांद्याला एकदा हात लावला. मग दुसऱ्यांदा. पोरं ओरडायला लागली, "काका, हात वर!" तिसऱ्यांदा लागला तेव्हा कपाटाच्या डोळ्यांत ते जुनं हसू आलं, आणि माझ्या डोक्यातून मास्तर निघून गेले. मी पाऊल पुढे टाकलं आणि उजवा हात, होता नव्हता तेवढ्या वेगाने, त्याच्या खांद्यावर सोडला.

खांदा तिथे नव्हता. तो जेमतेम चार बोटं सरकला होता. माझा हात हवेतून गेला, मी दोरांवर आपटलो, आणि मागून माझ्या खांद्यावर टप्पकन ग्लोव्ह पडला.

घंटा झाली. कपाट दोरांना धरून धापा टाकत होता. मी त्याला स्टुलावर बसवलं. पोरं टाळ्या वाजवत होती.

"हात आखडता घेतलास ना?" तो माझ्या कानाशी हळूच म्हणाला.

मी म्हटलं, "हो."

आणखी काय सांगणार? पहिले तीन फटके मी त्याला दिले, हे खरं होतं. चौथा त्याने घेतला. मोजायचा तो चौथाच.

"कोणाला सांगू नकोस मग," तो म्हणाला. "घरी सांगणार आहे मी."

आणि त्याने सांगितलं. संध्याकाळी बायको बहिणीकडून आली तीच हसत. "भाऊजींनी म्हणे तुम्हाला चारदा हात लावला, तुम्हाला एकदाही जमलं नाही. ताई सांगत होती, आज वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवले." माझ्या पोटात पुन्हा तेच दुखलं. मी म्हटलं, "हो, चपळ आहे अजून." बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

शुक्रवारी कोचबाईंना यादी दिली. त्यांनी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"काका, तुमचा नियम बदलला का?"

"नाही. जड माणसाला हरवणारा पहिला. नियम तोच आहे."

त्यांनी पुन्हा कागद पाहिला. पहिली ओळ कपाटाची होती. दुसरी माझी. तिसरी त्यांची स्वतःची, त्यावर त्या नाही नाही म्हणाल्या, पण मी ऐकलं नाही. पोपट नववा.

"एवढं सांग रंगाऱ्याला," मी म्हटलं, "पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत उगाच जागा सोडू नकोस म्हणावं."

"किती सोडू दे?"

"सहाशे ग्रॅम."