बोटभर वाळू

तिसरी बादली ओतल्यावर वाळू उथळ टबाच्या काठापर्यंत आली, तरी तीमाचं समाधान होईना. तिने दोन्ही तळहातांनी वाळूची शीग रचली, पाहुण्यांच्या पिलावाच्या ताटावर आत्या रचायची तशी. पाहुण्याला ताटाचा तळ दिसला तर घराची अब्रू गेली, हे मोंबासाच्या जुन्या शहरातली पोरं बोलायच्या आधी शिकतात. आणि लोझी तर या घरात पाहुणीच होती.

"ये लोझी, बघ किती दिलीय तुला!"

बदामी रंगाची ती मांजर मागचा प्लास्टरचा पाय ओढत आली. मासळीबाजारासमोर टुकटुक रिक्षाने तिला उडवलं होतं. हाड जुळेपर्यंत हिला घराबाहेर सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून ती या चौथ्या मजल्यावर भिंतीच्या कडेकडेने फेऱ्या घालत होती, आणि तिच्या शी-शूची सोय म्हणून हा टब ठेवला होता. तिने टबात पुढचे पाय ठेवले, मागच्या पायाने चढायला गेली आणि कळवळून ओरडली. झटकन मागे फिरून ती परत फेऱ्या घालू लागली.

सकाळीच लोझी आत्याच्या नमाजाच्या चटईवर मुतली होती. आत्याने चटई धुतली, सज्जात टाकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आज पुन्हा चटई नापाक झाली ना, तर तुझी राणीसरकार मासळीबाजारात परत."

"आत्या, तिथले बोके तिला फाडतील! तिला पळता येत नाही गं."

"मला तरी कुठे पळता येतं? पण मी चटईवर मुतते का?"

आत्या लग्नघरी गेली होती, सूर्यास्ताच्या, मगरिबच्या बांगेपर्यंत परतणार होती. ऊन उतरणीला लागलं होतं. लोझी दाराशी गेली, खिडकीशी गेली, टब हुंगून पुन्हा दाराशी आली. तिला लागली होती, हे दिसत होतं. वाळू अजून कमी पडतेय, असं वाटून तीमा बादली घेऊन जिन्याकडे धावली.

दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर मालिम खतीबू कॉफी पीत बसले होते. मदरशात शिकवणं सुटलं होतं, पण पोरांना अडवायची सवय काही सुटली नव्हती.

"काय गं, वर घर बांधतेस का? सकाळपासून वाळूच नेतेस."

तीमाने एका दमात सगळं सांगितलं. मालिमनी कॉफीचा घोट घेतला. तिला वाटलं, आता उपाय सांगतील. पण त्यांनी उलट विचारलं,

"समुद्रावर पळायची शर्यत लावता ना तुम्ही? कुठून पळता?"

"पाण्याजवळून, मालिम. ओल्या वाळूवरून."

"का? वरच्या बाजूला तर केवढी मऊ वाळू आहे."

"मऊ आहे, पण त्यात पाय जातो ना! तो मुरगळ..."

तीमाचं वाक्य अर्धंच राहिलं. एकच धड पाय मागे आणि खाली सरकणारा ढीग! ती रिकामी बादली घेऊन तशीच वर पळाली. मागून मालिम म्हणाले, "अगं, हळू! तुला प्लास्टर नकोय."

तिने भराभर वाळू उपसली. पार तळ दिसू लागेपर्यंत उपसली. लोझी आली, आत उतरलीसुद्धा. पण उकरायला गेली तर नखं प्लास्टिकवर कर्रर्र वाजली. तिने पंजा झटकला आणि बाहेर आली.

"आता काय हवं तुला?" तीमा रडकुंडीला आली. मग तिने स्वतःच वाळूत हात घातला आणि लोझीसारखं उकरून पाहिलं. एका ओरखड्यातच तळ लागत होता. झाकणार काय आणि कशाने? तिने वाळू परत घातली, थोडी थोडी, सारखी पसरत. दरवेळी बोट उभं खुपसून पाहिलं. सबंध बोट बुडालं आणि टोकाला तळ लागला, तेव्हा ती थांबली.

तेवढ्यात बांग झाली. जिन्यात आत्याची धाप ऐकू आली.

आत्याने हातपाय-तोंड धुऊन वजू केला. वाळलेली चटई अंथरली. तिच्यापुढे दोन पावलांवर टब होता. आत्याने नमाज बांधला आणि लोझी पलंगाखालून निघाली, थेट चटईकडे.

तीमा पलीकडच्या भिंतीला चिकटून उभी होती. ओरडायची सोय नव्हती, आणि नमाज पढणाऱ्याच्या पुढून जायचं नसतं. आत्याने कपाळ टेकलं. लोझीने चटईची कड हुंगली, तिच्यावर एक पंजा ठेवला. तीमाने ओठ चावून धरले.

लोझीने पंजा उचलला. आत्याच्या डोक्यासमोरून, कुणाचीही परवानगी न घेता, ती लंगडत टबापाशी गेली. काठ ओलांडून आत उतरली. वाळूने तिला पेललं. खर्र... खर्र... थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा खर्र, खर्र, बराच वेळ.

आत्याने उजवीकडे सलाम फिरवला, डावीकडे फिरवला आणि मगच टबाकडे पाहिलं.

"झाकते तरी. तुझ्या आतोबांना हे जन्मात जमलं नाही." ती उठून टबाशी गेली, तशा तिच्या भुवया चढल्या. "एवढीशीच वाळू? पाहुणीला?"

"तिला एवढीच लागते, आत्या. बोटभर. जास्त झाली की ती पडते."

आत्याने वाकून बोट खुपसलं, पण टबाच्या कोपऱ्यात, कोरड्या बाजूला. तळ लागला तशी ती हुं म्हणाली. हात धुऊन आली आणि चटईची घडी घातली. कपाटावर उंच ठेवायला तिने हात वर नेला, पण मग तो खाली घेतला आणि चटई रोजच्या जागी, पलंगाच्या पायथ्याशी ठेवली.

लोझी टबाबाहेर आली, अंग झटकलं आणि पंज्याला चिकटलेली वाळू सबंध खोलीभर सांडत निघाली.

"केरसुणी आण," आत्या म्हणाली.