घरटी एक

"याआधी हिची तपासणी झाली होती का?" डॉक्टरीणबाईंनी कागदावरून नजर न उचलता विचारलं.

"झाली की!" कौशल्याबाई ताडकन बोलल्या. "दोन वर्सं होत आले. आमच्या घराची झाली."

"घराची म्हणजे?"

"म्हंजे मी गेलती."

डॉक्टरीणबाईंचा पेन थांबला. बाकावर बसलेली थोरली सून वंदना पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत राहिली.

तेव्हा जानेफळात आशाताई रुपाली दारोदार सांगत फिरली होती, तिशीपुढच्या बायांनी पिशवीच्या तपासणीच्या शिबिराला यावं, पाच मिनिटांचं काम आहे. कौशल्याबाईंना आवतण दोनच तऱ्हेचं ठाऊक. चुलबंद, म्हणजे घरातल्या सगळ्यांना, नाहीतर घरटी एक. चुलबंद असलं तर तसं तोंडाने म्हणावं लागतं. रुपाली म्हणाली नाही. त्यात कापूस फुटून बोंडाबाहेर लोंबत होता, वंदनाचे हात वेचणीला हवे होते. मग घरातली मोठी म्हणून त्याच गेल्या. तोंडावर पदर घेऊन टेबलावर निजल्या अन् 'दोष नाही' असा कागद घेऊन ताठ मानेने परत आल्या.

गेल्या वर्षीच्या पोळ्याला वंदना चुलीपाशी हळूच म्हणाली होती, "आत्याबाई, मधातच अंगावरून जाते. वासही येते."

"काऊन भेतं व? घराची तपासणी झाली ना आपल्या! उष्णता हाय ते. धन्याचं पाणी पे."

वर्षभर ती धन्याचं पाणी पीत राहिली.

"मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही तपासणी जिची तिचीच असते. तेव्हा आली असती तर एवढासा डाग देऊन भागलं असतं. आता पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बाजूला पसरलाय. मशीनवर किरणांचा शेक देऊ, पण..."

"पण काय? अर्ध्यावर नोको सोडू, बाई."

"बरी होईल असं सांगत नाही मी."

कौशल्याबाई उठल्या. व्हरांड्यात येऊन धाकट्या मुलाला, गजेंद्रला, फोन लावला.

"उद्या राखीले घेऊन ये. तिचीबी तपासणी करायची हाय."

"माय, उद्या सोयाबीन काढाले मजूर येऊन राह्यले."

"आग लाव त्या सोयाबीनले. बायको घेऊन ये!"

दुपारी, वंदनाला भरती केल्यावर, वॉर्डामागच्या नळावर त्या तिची डागाळलेली साडी धूत बसल्या. शेजारच्या खाटेपाशी असलेली बाई कौतुकाने म्हणाली, "सुनंचं धुता? लय नशिबाची व सून तुमची!"

"कायचं नशीब?" कौशल्याबाईंनी मान वर केली नाही. "मीच अडवलं होतं तिले."

तांबूस पाणी नालीत जात राहिलं.

घरी धुणं पिळायला दुसरं टोक वंदना धरायची. कौशल्याबाईंनी इकडंतिकडं पाहिलं, कुणाला हाक मारली नाही. साडीचं एक टोक नळाच्या पाइपाला बांधलं अन् दुसरं धरून एकट्याच पीळ घालू लागल्या.