पुडीसकट वजन

खंडेराव सोनाराच्या काट्याकडे सातपुरात कुणी बोट दाखवलेलं नव्हतं. खड्याचं वजन सोन्यात धरणारा सोनार म्हणजे उघड चोर, असं हा गडी येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. आणि नेमका याच्याच हातून घोटाळा व्हावा, आता काय म्हणावं!

सन दोन हजार चारचा मार्च. भर दुपारी पोलीस दुकानात आले आणि काटा घेऊन चला म्हणाले. वजनाला सोनार आणि पंचनाम्याला पंच, दोन्ही कामं एकाच माणसात उरकायची होती. त्र्यंबक रोडवरच्या एका लॉजच्या खोलीत कुंदन कोपऱ्यात बसला होता. मखमलाबादला फुलशेती करणाऱ्या छायाबाईंचा एकुलता एक, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. डोळ्यांच्या बाहुल्या ह्या एवढ्या मोठ्या. मध्येच हसायचा, मध्येच भिंती अंगावर येतायत, दार उघडा म्हणून गयावया करायचा.

जप्तीचा माल म्हणजे कागदाचे पाच इवलेसे तुकडे, त्यांवर एलएसडी या नशेच्या द्रवाचा थेंब सुकवलेला. पोलिसांच्या साहेबांनी ते चिमट्याने मोजले आणि सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदात परत गुंडाळले. पुडी उघडू नका, नुसतं हाताला लागलं तरी चढतं, असं त्यांनी बजावलं. समोर ते पोरगं तसं बरळताना बघून खंडेरावाचं धाबं दणाणलंच होतं. त्याने पुडी तशीच काट्यावर ठेवली. एकशे ऐंशी मिलिग्रॅम. सही ठोकली आणि सुटलो म्हणत घरी आला.

कसला सुटतोय! वर्षभराने छायाबाई दुकानात आल्या. कुंदन अजून नाशिकरोडच्या जेलमध्येच होता. त्यांच्या वकिलाने सांगितलं होतं ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. या मालाला कायद्याने शंभर मिलिग्रॅमची रेघ आखलीय. रेघेच्या वर गेलं की कमीत कमी दहा वर्षं आणि जामिनाचं नाव काढायचं नाही. खाली राहिलं तर शिक्षाही कमी होऊ शकते, जामीनही मिळू शकतो. तपासणीला एकच तुकडा गेला होता, म्हणून वजन पंचनाम्यातलंच धरलेलं. आणि कुंदन पहिल्या दिवसापासून सांगत होता की पुडी बंदच तोलली. पण त्याला भिंती चालताना दिसत होत्या, त्याचं कोण ऐकणार?

"दादा, पुडी उघडली होती का नाही, एवढंच सांगा."

आठवत नाही बाई, म्हणाला खंडेराव. त्या गेल्यावर त्याने तेवढाच चंदेरी कागद तोलला. एकशे दहा भरला. म्हणजे माल उरला सत्तर! रेघेच्या खालीच!

खरं सांगायचं त्याने ठरवलंही. पण कोर्टात साक्षीच्या तारखेच्या आदल्या दिवशी साहेब दुकानात चहाला आले. दमदाटी नाही, आवाज चढवणं नाही. जाता जाता एवढंच म्हणाले, की चोरीच्या पाटल्या इथे आटवल्या गेल्या म्हणतात, ती चौकशी अजून उघडीच आहे. पाटल्या खंडेरावाने आटवल्या होत्या. पावती न मागता घेतलेल्या, चोरीच्या आहेत हे मागाहून कळलेलं. घरात लग्नाची मुलगी, दुकानावर सगळा संसार. बिचारा रात्रभर तळमळला. बिचारा कसला, मेला भित्रा!

कोर्टात कुंदनच्या वकिलाने सरळच विचारलं, वजन पुडीसकट केलं ना? साहेब मागच्या बाकावर बसले होते. खंडेरावाने एकदा तिकडे पाहिलं.

"नाही. पुडी उघडून केलं."

जबानीचा कागद तयार होईपर्यंत त्याला बाकावर बसवलं. जवळच कुंदन उभा होता, बरोबर पोलीस. अंगाने निम्मा झाला होता पोरगा. आपल्याला शिव्या देईल, अंगावर थुंकेल, असं खंडेरावाला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

पोरगा आईकडे वळून हळूच म्हणाला, "आई, आता नको भांडूस. उघडलीच असेल त्यांनी. मलाच तेव्हा काहीबाही दिसत होतं."

छायाबाईंनी होकारार्थी मान हलवली. तेवढ्यात कारकुनाने सहीला हाक मारली. खंडेराव उठला, चष्मा लावला आणि दाखवलं तिथे सही केली.